बंदुकांसाठी घरातली तिजोरीखोली

अमेरिकेत नवे घर बांधताना काही कुटुंबे आराखड्यात एक जास्तीची खोली मागतात. तिच्या भिंती जाड काँक्रीटच्या असतात, खिडकी नसते, दार पोलादी असते आणि माणसाला आत शिरून उभे राहता येईल एवढी ती मोठी असते. बंदुका ठेवण्याच्या या खोलीला तिथे व्हॉल्ट म्हणतात. कपाटाएवढी तिजोरी केव्हाही विकत आणून कोपऱ्यात बसवता येते. व्हॉल्ट मात्र घराबरोबरच उभा राहतो. त्याची जागा, भिंतींची जाडी, दाराचे माप आणि नळ्यांचे मार्ग हे सगळे पायाचे काँक्रीट पडण्याआधी ठरवावे लागते. नंतर दुरुस्ती करायची तर भिंत फोडावी लागते.

भारतीय वाचकाला ही गरज समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना घ्यावा लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण परवानाधारकाला दोनच बंदुका बाळगता येतात. अमेरिकेत १७९१ साली राज्यघटनेत आलेल्या दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्र बाळगणे हा हक्क ठरवला आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात हा हक्क व्यक्तीचा असल्याचे स्पष्ट केले. स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेच्या २०१८ च्या अंदाजानुसार तिथल्या नागरिकांकडे सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा अधिक. त्या सारख्या वाटलेल्या नाहीत. बहुसंख्य घरांत एकही नसते, तर शिकारी, नेमबाज, जुन्या शस्त्रांचे संग्राहक यांच्या घरात डझनांनी असतात. आजोबांची शिकारीची रायफल, वडिलांनी युद्धावरून आणलेले पिस्तूल असा वारसाही त्यांत असतो. संग्रह वाढला की एक तिजोरी भरते, मग दुसरी येते, आणि नवे घर बांधायची वेळ आली की व्हॉल्टचा विचार सुरू होतो.

बाजारात ‘गन सेफ’ म्हणून मिळणाऱ्या तिजोऱ्यांची ताकद लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच कमी असते. त्यांतल्या बहुतेकांवर अंडररायटर्स लॅबोरेटरीज या चाचणी संस्थेचा जो शिक्का असतो, तो घरगुती सुरक्षित पेटीचा पहिला दर्जा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की एका माणसाने हातोडी, पहार, स्क्रू ड्रायव्हर अशा हाताच्या हत्यारांनी पाच मिनिटे झटून काम केले तरी ती पेटी उघडली नाही. पाच मिनिटांनंतर काय होईल, याबद्दल तो शिक्का काही सांगत नाही. शिवाय पुरेशी माणसे आणि ट्रक असेल तर, जमिनीला बोल्टने न जखडलेली तिजोरी तशीच उचलून नेता येते. व्हॉल्ट उचलून नेता येत नाही, आणि नीट बांधला असेल तर त्याच्या भिंतीला हाताच्या हत्यारांनी भोक पाडायला तास लागतात.

सगळी मेख ‘नीट बांधला असेल तर’ या शब्दांत आहे. व्हॉल्ट म्हणजे दार, असा समज सगळीकडे आढळतो. घरमालक दारावर काही हजार डॉलर खर्च करतात आणि ते दार नेहमीच्या भिंतीत बसवून घेतात. अमेरिकी घराची नेहमीची भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्याच्या दोन्ही अंगांना ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड. वीट-सिमेंटची सवय असलेल्या माणसाला खरे वाटणार नाही, पण ही भिंत साध्या करवतीने काही मिनिटांत कापता येते. चोर दाराकडे बघतही नाही. बाजूच्या खोलीतून भिंत कापून आत येतो. व्हॉल्टला सहा बाजू असतात: चार भिंती, फरशी आणि छत. त्यांतली जी सर्वांत कच्ची, तेवढीच सगळ्या व्हॉल्टची ताकद. सर्वांत जास्त दुर्लक्ष छताकडे होते, कारण वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया आणि प्लायवूड हेच छत समजून काम थांबवले जाते.

जागा ठरवताना पहिला प्रश्न वजनाचा असतो. अमेरिकी घरातल्या वरच्या मजल्याची फरशी साधारण दर चौरस फुटाला ४० पौंड, म्हणजे चौरस मीटरला १९५ किलोंच्या आसपास, चल भार धरून आखलेली असते. आठ इंच जाड आणि आठ फूट उंच काँक्रीट भिंतीच्या एका रनिंग फुटाचेच वजन साडेतीनशे किलोंच्या वर जाते. त्यामुळे व्हॉल्ट जमिनीला टेकलेला हवा: तळघरात, नाहीतर थेट जमिनीवर ओतलेल्या स्लॅबवर. वरच्या मजल्यावर तो करायचा हट्टच असेल, तर संरचना अभियंत्याकडून खालचे खांब आणि तुळया नव्याने आखून घ्याव्या लागतात.

थंड प्रदेशांत, म्हणजे ओहायो, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया अशा राज्यांत, जमीन खोलवर गोठते. पाया त्या थराखाली न्यावा लागत असल्याने तिथे तळघर सहज होते आणि त्याच्या भिंती मुळातच काँक्रीटच्या असतात. दोन बाहेरच्या भिंतींचा कोपरा घेतला की निम्मे काम आयते मिळते. दोन आतल्या भिंती आणि छत तेवढे घालायचे राहते. तिथल्या बांधकाम व्यावसायिकांना याहून चांगली एक युक्ती ठाऊक असते. पुढच्या ओसरीच्या खाली एरवी माती भरून टाकतात. ती न भरता पाया ओसरीभोवती फिरवला, की तिन्ही बाजूंनी जमिनीत गाडलेली खोली मिळते आणि चौथ्या बाजूने तळघरातून दार ठेवता येते. ओसरीचा स्लॅब हेच तिचे छत होते. नागमोडी पोलादी पत्र्यावर सळ्यांची जाळी अंथरून तो ओततात. चोराला भिंतीजवळ जायचे तर आधी जमीन खणावी लागते, आणि घराला आग लागली तरी जळते घर या खोलीच्या डोक्यावर नसते.

या उत्तम जागेला एक मोठा धोका असतो, तो पाण्याचा. ओसरीचा स्लॅब पाऊस-बर्फात उघडा पडतो. त्याला बाहेरच्या बाजूला उतार, वर जलरोधक थर आणि घराच्या भिंतीशी मिळतो त्या सांध्यावर पत्र्याची झडप हवी. हे केले नाही तर पहिल्याच हिवाळ्यात छतातून ठिबक सुरू होते. ठिबक नसली तरी थंड स्लॅबच्या पोटाला आतली दमट हवा लागून थेंब धरतात, म्हणून उष्णतारोधक फोमही बसवावा लागतो. या कामात काटकसर करणे अगदी चुकीचे आहे. बंदुकांचे नुकसान चोरापेक्षा पाण्याने अधिक सावकाश आणि अधिक हमखास होते.

भिंतीची प्रचलित रचना आठ इंच जाड काँक्रीट आणि आत अर्ध्या इंचाच्या सळ्या, उभ्या-आडव्या, सुमारे फूटभर अंतरावर. सळ्या घालायच्या त्या काँक्रीटला बळकटी यावी म्हणून आणि भिंत फोडणाऱ्याला भोकातून शिरता येऊ नये म्हणूनही. काँक्रीट ओतणे शक्य नसेल तिथे पोकळ सिमेंट ब्लॉक वापरतात. मात्र त्यांच्या पोकळ्यांत सळ्या उभ्या करून सगळ्या पोकळ्या पातळ काँक्रीटने भराव्या लागतात. रिकामा ब्लॉक घणाच्या काही घावांत फुटतो. टेक्सास, लुइझियाना, फ्लोरिडासारख्या राज्यांत तळघरे फारशी नसतात. तिथे स्लॅबवरच ब्लॉकची खोली उभारून तिच्याभोवती लाकडी घर बांधतात. एवढाही खर्च परवडत नसेल तर लाकडी सांगाड्यावर पोलादी पत्रा आणि प्लायवूडचे दोन थर किंवा जाड पोलादी जाळी ठोकतात. हा व्हॉल्ट म्हणता येणार नाही. पण घाईत असलेल्या चोराचा आणि उत्सुक मुलाचा रस्ता तो अडवतो, आणि पुष्कळ घरांना तेवढे पुरते.

दाराचे माप सर्वांत आधी ठरवावे, दार मात्र शेवटी बसवले तरी चालते. कारखाना प्रत्येक दारासोबत चौकटीच्या मोकळ्या जागेचे रेखाचित्र देतो. भिंतीचे शटरिंग त्यावरून लावले, तर चौकट बरोबर बसते. दाराचे वजन तीनशे किलोंपासून टनाच्या पुढेही असते. त्यामुळे ते आणायची वाट मोकळी असतानाच, म्हणजे आतल्या भिंती आणि जिना व्हायच्या आधी, ते तळघरात उतरवून ठेवणे शहाणपणाचे. उंबरठ्याखालची फरशी पाणसळीत नसेल तर जड दार आपोआप उघडते किंवा मिटते, आणि टनभर पोलाद आपोआप मिटणे ही हात चिरडणारी गोष्ट आहे.

दार बाहेर उघडावे की आत, यावर जाणकारांत मतभेद आहेत. बाहेर उघडणाऱ्या दारामुळे खोलीतली जागा वाया जात नाही, आणि ते चौकटीवर बाहेरून टेकत असल्याने आत ढकलून पाडता येत नाही. आत उघडणाऱ्या दाराची बिजागरे दिसत नाहीत, आणि वादळात किंवा पडझडीत बाहेर ढिगारा साचला तरी आतल्या माणसांना ते उघडता येते. खोलीचा आसरा म्हणूनही उपयोग करायचा असेल तर दुसरा प्रकार बरा. दार कोणत्याही प्रकारचे असो, आतून उघडण्याची कळ त्याला असलीच पाहिजे. मूल आत असताना दार लागणे ही कल्पनेतली भीती नाही. बंद खोलीत हवा मोजकी असते आणि काँक्रीटमधून हाक ऐकू जात नाही.

कुलपांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिले तबकडीचे: शंभर खुणांच्या चकतीवर तीन आकडे क्रमाने लावायचे. हिशेबाने दहा लाख जुळण्या होतात, प्रत्यक्षात कुलपाच्या यंत्रणेतल्या मोकळीकीमुळे त्याहून बऱ्याच कमी. त्याला बॅटरी लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे चालते, पण उघडायला वेळ लागतो आणि अंधारात अवघड जाते. दुसरे बटणांचे इलेक्ट्रॉनिक कुलूप. ते झटपट उघडते आणि त्याचा क्रमांक घरमालकाला स्वतः बदलता येतो, मात्र त्यातले विजेचे भाग कधीतरी दगा देतात. कुलपाच्या मागे फार कडक पोलादाची पाटी असते; तिच्यावर ड्रिलचे पाते बोथट होते. कुलूप फोडले तर आपोआप झेपावून अडसर कायमचा रोखणारा जादा खटका असतो. दार निवडताना बाहेरच्या रंगरंगोटीपेक्षा आणि अडसरांच्या संख्येपेक्षा या दोन गोष्टी आहेत का, ते विचारावे.

भिंती ओतण्याआधी त्यांतून नळ्या टाकून ठेवाव्या लागतात: विजेसाठी एक, धोक्याची घंटा आणि इंटरनेटच्या तारांसाठी एक, आर्द्रता शोषणाऱ्या यंत्राचे पाणी बाहेर न्यायला एक, आणि हवेसाठी किमान दोन. सळ्यांच्या जाळीच्या खोलीत मोबाइल चालेलच असे नाही, म्हणून तार हवीच. एक-दोन नळ्या रिकाम्या राहिल्या तरी चालते, कारण नंतर काँक्रीट भोसकण्यापेक्षा ते स्वस्त पडते. स्नानघर किंवा पाण्याचे पाइप या खोलीच्या डोक्यावर येऊ देऊ नयेत.

यानंतरचा विषय ओलाव्याचा. नव्या व्हॉल्टचे बहुतेक नुकसान पहिल्या वर्षात होते. काँक्रीट अठ्ठावीस दिवसांत ठरलेली ताकद धरते, पण कोरडे व्हायला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. दर इंच जाडीला महिनाभर, असा एक ढोबळ हिशेब सांगतात. एवढा काळ भिंती आणि फरशी आतल्या हवेत वाफ सोडत राहतात. घाईने बंदुका आत मांडल्या तर काही आठवड्यांतच त्यांच्या नळ्यांवर तांबूस ठिपके दिसू लागतात. फरशीखाली खडीचा थर आणि त्यावर जाड प्लास्टिकचा कागद अंथरला तर जमिनीतली ओल वर चढत नाही. त्यानंतरही दार उघडे ठेवून, पंखा आणि ओलावा शोषणारे यंत्र चालवून, आर्द्रतामापकाचा काटा स्थिर होईपर्यंत थांबावे लागते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. साठच्या वर पोलाद गंजू लागते. फार खाली गेली तर अक्रोडाच्या लाकडाचे दस्ते आकसतात आणि चिरतात. छोट्या खोलीत भिंतीलगत बसवलेली मंद तापणारी विजेची दांडी हवा खेळती ठेवते. मोठ्या खोलीला यंत्रच हवे. चामड्याच्या म्यानात पिस्तूल कायमचे ठेवू नये. चामडे ओल धरते आणि कमावताना वापरलेली रसायने पोलादाला खातात.

आगीच्या बाबतीत काँक्रीट स्वतःच मोठे संरक्षण आहे. सात इंच जाड साध्या काँक्रीटची भिंत अमेरिकी बांधकाम संहितेत चार तास आग रोखणारी मानली जाते. उष्णता आत शिरते ती दारातून आणि फटींतून. म्हणून दाराच्या कडेला तापल्यावर फुगणारी पट्टी लावतात. ती फुगली की धूर आणि गरम हवा अडते. कागदपत्रांच्या तिजोऱ्यांची कसोटी आतले तापमान १७७ अंश सेल्सियसच्या खाली राहणे ही असते. बंदुकीच्या पोलादाला तेवढ्याने काही होत नाही, पण दुर्बिणी, प्लास्टिकचे भाग आणि लाकूड खराब होऊ शकते. व्हॉल्टमध्ये दागिने, मालमत्तेची कागदपत्रे, जुने फोटोही ठेवले जातात, आणि त्यांच्यासाठी आत वेगळी छोटी अग्निरोधक पेटी ठेवणे चांगले.

काडतुसांबद्दलची भीती बरीचशी चुकीच्या जागी असते. बंदुकीबाहेर तापून फुटलेल्या काडतुसातली गोळी फार वेगाने जात नाही. तिला वेग देणारी बंद नळीच तिथे नसते. खरा धोका सुट्या दारूचा. स्वतः काडतुसे भरणारे नेमबाज धूररहित दारू डब्यांनी आणतात. ती उघड्यावर पेटली तर भडकते, घट्ट पोलादी पेटीत पेटली तर पेटीचाच बॉम्ब होतो. म्हणून ती मूळ डब्यातच आणि सहज फुटू शकेल अशा लाकडी पेटीत ठेवतात. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा संहितेनुसार घरात २० पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत ठेवता येते. त्याहून जास्त, ५० पौंडांपर्यंत, ठेवायची तर इंचभर जाड लाकडाची पेटी लागते. अशी दारू व्हॉल्टमध्ये ठेवूच नये.

वादळाच्या पट्ट्यात, म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सास या भागात, हीच खोली टॉर्नेडोपासून आसरा म्हणून बांधतात आणि खर्चाचे समर्थन करायला ते मोठे कारण असते. १९७० मध्ये टेक्सासमधल्या लबक शहरावर टॉर्नेडो आदळला, त्यात २६ माणसे गेली. तिथल्या टेक्सास टेक विद्यापीठात त्यानंतर वाऱ्याच्या माऱ्याचा अभ्यास उभा राहिला. तिथे तोफेसारख्या यंत्रातून सुमारे सात किलोंची लाकडी तुळई ताशी १६० किलोमीटर वेगाने भिंतीवर आणि दारावर डागून पाहतात. फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेने १९९८ पासून घरगुती आसऱ्याचे आराखडे पुस्तिकेच्या रूपाने दिले आहेत. त्यांत ताशी ४०० किलोमीटर वारा गृहीत धरला आहे. इथे एक गफलत होते. चोरापासून वाचवणारे प्रत्येक दार या कसोटीला उतरलेले असतेच असे नाही. आसरा हवा असेल तर तसा चाचणीचा दाखला विक्रेत्याकडे मागावा, आणि हवेची झरोकेवजा सोयही नियमाप्रमाणे करावी.

बांधकाम परवान्यासाठी दिलेला आराखडा अनेक ठिकाणी कुणालाही पाहता येतो. म्हणून त्यावर या खोलीचे नाव ‘सामानाची खोली’ किंवा ‘वादळ-आसरा’ असे लिहिण्याची पद्धत आहे. कामावर येणाऱ्या सगळ्यांना खोलीचा हेतू सांगण्याचे कारण नसते. विम्याबद्दलही सावध राहावे लागते. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत बंदुकांच्या चोरीची भरपाई बहुधा २,५०० डॉलरपुरतीच असते. मौल्यवान संग्रहासाठी वेगळी यादी जोडून जास्तीचा हप्ता भरावा लागतो. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक आणि फोटो घराबाहेरही कुठेतरी ठेवलेला असावा. मशिनगन किंवा आवाज दाबणारी नळी अशी १९३४ च्या केंद्रीय कायद्याखाली नोंदवलेली वस्तू असेल, तर व्हॉल्टचा क्रमांक पत्नीला माहीत असणेही कायद्याच्या अडचणीचे होऊ शकते, कारण ज्याच्या नावावर नोंद आहे त्याच्यामागे ती तिच्या ताब्यात आली असे मानता येते. अशा वस्तू आतल्या स्वतंत्र कुलपात ठेवतात, किंवा कुटुंबाचा न्यास करून त्यात जोडीदाराचे नाव घालतात.

क्रमांक कोणाला माहीत आहे, हा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. सगळ्या काँक्रीटपेक्षा तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने २००८ ते २०१७ दरम्यानच्या शालेय हल्ल्यांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. बंदूक वापरलेल्या २५ हल्ल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश हल्ल्यांत ती बंदूक आई-वडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातली होती. काही ठिकाणी ती कुलपात होती, पण मुलाला क्रमांक किंवा किल्लीची जागा ठाऊक होती. मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड शाळेत ३० नोव्हेंबर २०२१ रोजी चार विद्यार्थी मारले गेले, त्यानंतर हल्लेखोर मुलाच्या आई आणि वडील दोघांनाही २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा झाली. त्याच वर्षी त्या राज्यात बंदूक मुलांपासून कुलपात ठेवण्याचा कायदा लागू झाला. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, आणि त्या क्षणी मधे आलेली काही मिनिटे जीव वाचवू शकतात. म्हणून दार बसताच कारखान्याचा क्रमांक बदलावा, तो वाढदिवसाचा नसावा, बंदुका रिकाम्या ठेवाव्यात आणि काडतुसे त्याच खोलीत असली तरी वेगळ्या कुलपात असावीत. घरात कुणी निराशेतून जात असेल तर क्रमांक त्याच दिवशी बदलावा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी दोन गोष्टी कामाच्या आहेत. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीच्या वैध परवान्यासारखे ठरावीक अपवाद सोडता, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डधारकाला येते. त्यामुळे व्हॉल्ट असलेले घर विकत घेणाऱ्याने, जुना मालक त्यात काही सोडून तर गेला नाही ना, हे ताबा घेण्याआधी पाहावे आणि कुलपाचा क्रमांक कुलूपतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा. दुसरी गोष्ट स्वतःच्या घरात एकही बंदूक नसलेल्यांसाठी आहे. मुलाला मित्राच्या घरी खेळायला पाठवण्याआधी त्या पालकांना सरळ विचारावे: घरात बंदूक आहे का, आणि असेल तर ती कुलपात असते का? तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना हा प्रश्न विचारायला पालकांना सांगते. त्यात संकोच करू नये.